आमच्या क्रिकेटमध्ये कच्चा लिंबू नसतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव-कळंबच्या पट्ट्यात, आम्ही काही जण दर रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर पोरांना क्रिकेट खेळवतो. आमच्यात एक निवृत्त गुरुजी (म्हणजे मी), एक आशाताई, सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला एक भाऊ आणि कॉलेजातली दोन पोरं. संस्था नाही, पावतीबुक नाही. बाजाराच्या दिवशी लोक अडवून विचारतात, बाहेरगावाहून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. काही प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत.

म्हणजे हे अपंग पोरांचं क्रिकेट का?

सगळ्यांचं. एका टीममध्ये आठ जण. साधारण निम्मी मुलं दिव्यांग, बाकीची गावातली नेहमीची. कोण कोण आलं आहे हे पाहून त्या दिवसाचे नियम ठरतात. जागा किती, काम काय, साहित्य कोणतं आणि जोडीला कोण, या चार गोष्टी बदलल्या की जवळजवळ कोणतंही पोर खेळू शकतं. खेळपट्टी बावीसऐवजी बारा पावलांची करा, चेंडू मोठा घ्या, बॅट हलकी द्या, रनर (त्याच्याऐवजी पळणारा) द्या.

इंग्लंडमध्ये 'लॉर्ड्स टॅव्हर्नर्स' ही 1950 पासूनची क्रिकेटशी जोडलेली धर्मादाय संस्था आहे. तिच्या 'सुपर वन्स' उपक्रमात 12 ते 25 वयाची दिव्यांग मुलं-मुली दर आठवड्याला खेळतात. त्यातलं 'दर आठवड्याला' तेवढं आम्ही उचललं. आपल्याकडे 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो, पोरांना लिंबू-चमचा खेळवतात, केळी वाटतात, फोटो निघतात. पुढच्या 3 डिसेंबरपर्यंत त्या पोरांना कोणी हाक मारत नाही.

कच्चा लिंबू का नको? पोरं प्रेमानंच घेतात ना खेळायला?

प्रेमानंच घेतात, आणि तिथेच घोटाळा आहे. लहान भाऊ रडतो म्हणून त्याला कच्चा लिंबू करून खेळात घेतात. तो धावतो, ओरडतो, पण त्याचा आऊट आऊट नसतो आणि त्याचे रन कोणी मोजत नाही. भाऊ दोन वर्षांत मोठा होतो आणि खरा खेळायला लागतो. पण पायात पोलिओ असलेला किंवा बोलायला अडखळणारा पोरगा वीस वर्षांचा झाला तरी गावाच्या लेखी कच्चा लिंबूच राहतो. लग्नातही, ग्रामसभेतही.

म्हणून आमचा एक नियम कधीच बदलत नाही: प्रत्येकाचा आऊट हा आऊट आणि प्रत्येकाचा रन हा रन, दोन्ही वहीत नावानिशी लिहायचे.

मग पहिल्याच बॉलवर दांडी उडालेल्या पोरानं दिवसभर बसून राहायचं का? त्यावर उपाय जोडीचा. दोघांनी मिळून दोन ओव्हर खेळायच्या. आऊट झालं की टीमचे पाच रन कापायचे, पण बॅट हातातून जात नाही. चूक मोजली जाते आणि खेळणंही पूर्ण मिळतं.

पहिल्या वर्षीची गोष्ट. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर पुरता ताबा नसणं) असलेला एक पोरगा सरळ क्लीन बोल्ड झाला. सगळे गप्प. बॉलरनं इकडे-तिकडे पाहत "नो बॉल होता" म्हटलं. तेव्हा तो पोरगाच ओरडला, "मी आऊट आहो ना बे!" पाच रन कापले, टीम दोन रननं हारली आणि टीमच्या पोरांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

माह्या पोराले दिसत नाही. तो बॉल कसा मारंल?

कानानं. अंधांचं क्रिकेट हा शंभर वर्षांचा जुना खेळ आहे. 1922 साली मेलबर्नमधल्या कारखान्यातल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून तो सुरू केला. आज कडक प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चेंडूत छर्रे असतात, चेंडू खुळखुळत येतो. बॉलिंग खालून, हात खांद्याच्या वर न नेता, आणि चेंडूचा टप्पा खेळपट्टीच्या निम्म्याच्या आत पडलाच पाहिजे, म्हणजे तो जमिनीलगत आवाज करत येतो. बॉलर "रेडी?" विचारतो, बॅटर "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून चेंडू सुटतो.

खेळाडूंचे तीन गट असतात: बी-वन म्हणजे पूर्ण अंध, बी-टू आणि बी-थ्री म्हणजे कमी-जास्त दिसणारे. अकरा जणांत किमान चार बी-वन लागतात. बी-वननं काढलेले रन दुप्पट धरतात, त्याला रनर मिळतो, आणि त्यानं एक टप्पा पडल्यावर झेल घेतला तरी समोरचा आऊट. गल्लीतला 'वन टप्पा आऊट' ज्यांना माहीत आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही.

असा चेंडू तालुक्याला मिळत नाही. आमच्या सायकलवाल्या भाऊनं प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूला चीर देऊन सायकलच्या बेअरिंगचे छर्रे भरले आणि चीर पक्की बंद केली. ते जमेपर्यंत रबरी बॉल कॅरीबॅगमध्ये घट्ट गुंडाळून खेळलो, तोही चरचर वाजतो. छर्ऱ्यांचा चेंडू खेळाआधी आणि नंतर तपासा. तो फुटला आणि छर्रे बारक्या पोरांच्या तोंडात गेले तर भलतंच होऊन बसेल.

आणि खेळ चालू असताना पटांगणावर शांतता पाहिजे. सगळ्यात अवघड काम हेच आहे. शेजारी डीजे असेल त्या रविवारी आम्ही सरळ दुसरा खेळ खेळतो.

ऐकू न येणाऱ्या मुलांचं काय?

त्यांच्यासाठी फार काही बदलावं लागत नाही. अंपायरच्या खुणा तर आधीच हाताच्या आहेत. शिट्टीऐवजी लाल रुमाल हलवा, समोर उभं राहून सांगा आणि धावताना दोघांनी एकमेकांकडे पाहायची सवय लावा. आमचा सगळ्यात चांगला विकेटकीपर असाच आहे. त्याला स्लेजिंग ऐकू येत नाही, हा त्याचा फायदाच.

पोरगी व्हीलचेअरवर आहे. काळ्या मातीत चाक रुततं.

खरं आहे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. आपल्या जमिनीत कापूस छान येतो, व्हीलचेअर चालत नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या. पटांगणाच्या एका कडेला मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून पट्टा केला. पावसाळ्यात समाजमंदिराच्या फरशीवर खेळतो. आणि तिसरं, टेबल क्रिकेट.

टेबल क्रिकेट नॉटिंगहॅमच्या डग विल्यमसन यांनी तयार केलं. टेबल टेनिसच्या टेबलाला कडेनं पाट्या लावायच्या, पाट्यांवर सरकणारे फिल्डर, चेंडू उतरत्या घसरगुंडीवरून सोडायचा आणि छोट्या बॅटनं मारायचा. ज्या मुलांना फक्त मनगट हलवता येतं तीही यात बॉलिंग-बॅटिंग करतात. फिल्डिंग करणारी टीम आपला फिल्डर सरकवून चेंडू अडवते, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. आम्ही शाळेतली दोन जुनी बाकं जोडून सुताराकडून कडा ठोकून घेतल्या. नक्कल ओबडधोबड आहे, पण चुरस अस्सल.

समजायला वेळ लागणाऱ्या मुलांना नियम कसे शिकवता?

एका वेळी एक. पहिले दोन रविवार फक्त चेंडू मारून पुढच्या खुंटापर्यंत पळायचं, खुंटाला लाल फडकं बांधलेलं. तेच गाणं, तीच जागा, तोच जोडीदार. ऑटिझम असलेल्या एका मुलाला टाळ्यांचा त्रास व्हायचा, तेव्हापासून त्याच्या चौकाराला सगळे हात वर करून बोटं हलवतात. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. काहींच्या मानेचे मणके सैल असतात, त्यांनी सूर मारून झेल घेऊ नये.

लेकराले सिकलसेल आहे. खेळू द्यावं का?

विदर्भात हा प्रश्न पहिल्या पाचांत असायलाच हवा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि आमचाही भाग, सगळीकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरं आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेलही आहे. पुष्कळ पालकांना हे ठाऊकच नसतं.

आधी डॉक्टरांना विचारा, सेवाग्रामला किंवा यवतमाळच्या मेडिकलला, जिथे पोराचा उपचार चालू असेल तिथे. वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांत फरक आहे, तो कागद आम्हाला दाखवा. प्लीहा वाढलेली असेल तर पोटावर मार लागणं धोक्याचं, त्या पोराला बॅटरच्या जवळ फिल्डिंगला उभं करायचं नाही.

ज्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली त्यांच्यासाठी आमचे नियम ठरलेले आहेत. खेळाआधी पाणी, मग दर पंधरा मिनिटांनी घोट घोट पाणी, तहान लागो न लागो. मैदानाला चकरा मारायची शिक्षा कुणालाच नाही, यांना तर मुळीच नाही. "थकलो" म्हटलं की बसायचं, कारण विचारायचं नाही. ऊन जसं वाईट तशीच थंडीही वाईट. अंगाला गारवा लागला की दुखणं उसळतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आम्ही ऊन चढल्यावर सुरू करतो आणि स्वेटर घालूनच वॉर्मअप. मार्चपासून उलटं: सकाळी साडेसहा ते साडेआठ, त्यानंतर एक चेंडूही नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो तेव्हा मैदान बंद, फक्त सावलीत टेबल क्रिकेट. छातीत दुखणं, धाप, ताप, हातापायांत असह्य कळा यातलं काही दिसलं तर वाट न पाहता 108 ला फोन.

मैदानावर फिट आली तर?

कुशीवर वळवा, डोक्याखाली शर्टाची घडी द्या, आजूबाजूचे दगड-बॅट बाजूला करा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर 108. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणारे लोक गर्दीतून येतातच, त्यांना गर्दी पांगवायच्या कामाला लावा.

बॉल लागला तं?

लागतोच कधी कधी, बापा. पण आम्ही लेदर बॉल वापरत नाही. टेनिसचा किंवा त्याहून मऊ चेंडू असतो. हिमोफिलिया (रक्त लवकर थांबत नाही तो आजार) असलेल्या मुलाला मैदानावर घेत नाही, टेबलावर घेतो. गेल्या हंगामातली सगळ्यात मोठी दुखापत मला झाली, खड्ड्यात पाय मुरगळून.

धडधाकट पोरांचं यात काय? त्यांचा खेळ बिघडत असंल.

पहिले काही आठवडे बिघडतो, खोटं कशाला बोलू. जोरात बॉलिंग करणारी पोरं कंटाळतात, दोघं-तिघं सोडून जातात. मग आम्ही त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून खुळखुळ्या बॉलसमोर उभं करतो. तालुक्याच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमधला 'मॅन ऑफ द सीरीज' सहाच्या सहा बॉल चुकला, तेव्हा आमच्या बी-वन पोरीनं त्याला स्टान्स शिकवला. त्यानंतर तो एकही रविवार चुकवत नाही.

दिव्यांग नसलेली गरीब पोरं पण येतात म्हणे?

येतात. कोलाम पोडावरची, पारधी बेड्यावरची (म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरची), बापानं कर्जापायी जीव दिलेल्या घरातली, आई-बाप कामाला बाहेरगावी गेल्यावर आजीजवळ राहिलेली. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, यातली निम्मी गायब असतात. आम्ही नाव कापत नाही. आलं की त्याचा नंबर तिथूनच सुरू.

पोडावरच्या मुलांशी बोलताना भाषेची अडचण यायची, घरी कोलामी बोलतात. पण "कॅच" आणि "हाऊज दॅट" कोणत्याही भाषेत तेच.

पाण्याचा माठ एकच असतो आणि पेला एकच. एका गावात यावरून कुरबुर झाली, दोन पोरं घरची बाटली आणायला लागली. मी काही भाषण दिलं नाही, पालवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. पुण्यात इंग्रजांच्या आणि सवर्णांच्या मैदानावर विकेट काढणाऱ्या या दलित फिरकी गोलंदाजाला चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. गोष्ट संपल्यावर एका पोट्ट्यानं विचारलं, "मंग त्याच्या बॉलवर आऊट झालेले लोक बाटले का?" बाटल्या पुढच्या रविवारपासून आल्या नाहीत.

पोरीले पाठवायची भीती वाटते.

वाटणारच. म्हणून आशाताई पूर्ण वेळ हजर असतात, शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याकडे, आणि दुपारी बाराच्या आत सगळ्या मुली घरी. आई-आजी सोबत आल्या तर उत्तम, त्यांना स्कोअरची वही देतो. अर्धी मॅच होईपर्यंत त्या अंपायरशी भांडायला लागतात.

अंध मुलींना हे ऐकवा: नोव्हेंबर 2025 मध्ये कोलंबोत अंध महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक भारतानं नेपाळला हरवून जिंकला. कर्णधार दीपिका टी. सी. खेड्यातल्या गरीब घरातली. उपकर्णधार गंगा कदम आपल्या महाराष्ट्राची.

मुलांच्या सुरक्षिततेची काय खात्री?

एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, असं कुठेच होऊ देत नाही: खोलीत नाही, गाडीवर नाही. नेहमी दोन मोठी माणसं. मुलाला उचलावं लागलं, कपडे बदलावे लागले तर घरचं माणूस किंवा घरच्यांनी सांगितलेलं माणूस. फोटो पालकांना विचारूनच. काही खटकलं तर आमची भीडभाड न ठेवता 1098 ला फोन करा. बोलता न येणारं मूल तक्रार करू शकत नाही, म्हणून त्याच्या वागण्यात बदल दिसला तर आम्हालाच उभं करून विचारा.

पोरगं खेळताना दिसलं तं निराधारचा पगार बंद होईल का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. नाही होणार. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि घरचं उत्पन्न यावर ठरतं. चौकार मारला म्हणून पायातला पोलिओ कमी होत नाही. तरी कोणी धमकावलं तर त्याच्याकडून ते लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

प्रमाणपत्र नाही, तर खेळता येईल का?

आमच्याकडे येईल. पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्याच. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर, तपासणी सरकारी दवाखान्यात. 40 टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, 40 ते 80 पिवळं, त्यावर निळं. 40 टक्के आणि त्यावर असेल तर एस.टी.त 75 टक्के सवलत मिळते, आणि आईला महिला म्हणून अर्धं तिकीट आहेच. लांबच्या गावची मुलं यामुळेच येऊ शकतात. रविवारी गाडी येईल की नाही, हा वेगळा प्रश्न.

इंडियाकडून खेळंल का? नोकरी लागंल का?

प्रत्येक बापाच्या तोंडी उमेश यादव असतो. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा भारताकडून खेळला, आणि विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 ला रणजी करंडक जिंकला, तेव्हा आशा वाटणं साहजिक आहे. दिव्यांग क्रिकेटमध्येही वाट आहे. जानेवारी 2025 मध्ये शारीरिक दिव्यांगांची चॅम्पियन्स ट्रॉफी भारतानं इंग्लंडला हरवून जिंकली, कर्णधार महाराष्ट्राचा विक्रांत केणी. जुन्यांत पाहायचं तर भागवत चंद्रशेखर यांनी पोलिओनं बारीक झालेल्या हातानं कसोटीत 242 बळी घेतले, आणि मन्सूर अली खान पतौडी उजव्या डोळ्याची दृष्टी गेल्यावर 21 व्या वर्षी भारताचे कर्णधार झाले.

पण हिशेब सरळ ठेवा. क्रिकेट पॅरालिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे धावपटू किंवा भालाफेकपटूसारखी बक्षिसं आणि नोकऱ्या इथे नाहीत. ज्या पोराच्या हातात खरंच जोर आहे त्याला आम्ही भाला-गोळ्याकडे वळायला सांगतो, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शंभर वर्षांची जागा आहे. नोकरीसाठी म्हणून पाठवत असाल तर पाठवू नका.

खर्च किती, मैदान कुणाचं?

पहिल्या महिन्याचं साहित्य दोन हजारांच्या आत बसलं: प्लॅस्टिकच्या बॅट, चेंडू, चुना, फडकी. स्टंप बांबूचे. मैदानासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, तोंडी परवानगी मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जाते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, मुरूम आणि उतरता रॅम्प त्यातून करून मागा. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 खेळाबद्दलच आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. आम्हाला एका कार्यालयात पाच चकरा माराव्या लागल्या. सहाव्या वेळी व्हीलचेअरवरची मुलगी सोबत नेली, पण कार्यालयालाच रॅम्प नव्हता. साहेब खाली आले आणि सही पायरीवर झाली.

दिव्यांग म्हणायचं की अपंग?

कागदावर दिव्यांग. मैदानावर नाव. लंगड्या, मुक्या, येड्या असं कोणी म्हटलं तर त्याच्या टीमचे पाच रन जातात, म्हणणारा सरपंचाचा पोरगा असला तरी.

आमच्या गावात सुरू करायचं तर कोच लागेल का?

खेळाचा कोच मिळाला तर बरंच, नाही तर अडत नाही. गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, कोणत्या मुलाला काय झेपेल हे त्यांना कळतं. त्यांना पहिल्या दोन रविवारी बोलवा. घरोघरची माहिती आशाताईंकडे असते. कितीतरी घरांत असं मूल आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. पहिल्या रविवारी आमच्याकडे चार जण आले होते, त्यातला एक बॅट दुरुस्त करून मागायला.

कधी यायचं, काय आणायचं?

रविवारी सकाळी. हिवाळ्यात आठला, उन्हाळ्यात साडेसहाला. पाऊस असेल तर समाजमंदिरात. पोळ्याच्या आणि बैलबाजाराच्या रविवारी सुट्टी. बूट नसले तर चप्पल चालते, चप्पल नसली तर मुरमाच्या पट्ट्यावर नका खेळू, टेबलावर या. औषधाची चिठ्ठी आणि डोक्याला दुपट्टा आणा. नाव, वय आणि काय काळजी घ्यायची ते आल्यावर वहीत लिहून घेतो. बॅटिंगचा नंबर वहीतल्या नावाप्रमाणेच लागतो, उशिरा आलात तर शेवटी.